विमानाचा जमाखर्च

आकाशांत विमानाची घरघर ऐकूं आली म्हणजे शेतांतील माणूस औत थांबवून वर पाहतो आणि वर्गांतील मुलगा वहीवरून मान उचलतो. वर जो बसला आहे त्याचें धैर्य, त्याची नजर, त्याचा हात, यांची वाखाणणी सारेच करतात, व ती योग्यच आहे. परंतु तें विमान कोणाचें, तें कोणीं विकत घेतलें, त्याच्या इंजिनाचें तेल कोण बदलतो, आणि इंजिन जुनें झाल्यावर नवें कोठल्या पैशानें येणार, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. गाडींत बसणारा गाडीवानाशीं बोलतो. बैल कोणाचे, हें विचारीत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आज आम्ही तुम्हांला गाडीवानाची नव्हे, तर बैलाच्या धन्याची हकीकत सांगणार आहोंत.

ज्याला उडावयास शिकावयाचें त्याच्यापाशीं स्वतःचें विमान असलें पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९२८ सालीं मुंबईस जुहू येथें उड्डाणाचें मैदान झालें, व त्याच सालीं बॉम्बे फ्लाइंग क्लबाची स्थापना झाली. क्लबाचें विमान तासाच्या हिशेबानें घ्यावयाचें, शिकावयाचें आणि परत करावयाचें, अशी तेथील रीत. त्या काळचें शिकाऊ विमान म्हणजे डी हॅविलँड कंपनीचें 'मॉथ', आपल्या भाषेंत पतंग. १९२५ सालीं पहिल्यानें उडालेलें हें लांकडाचें व कापडाचें विमान. आंत दोघांची जागा. आणि पंख मागें दुमडून ठेवतां येत असल्यामुळें तें लहानशा छपराखालींहि मावत असे. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना भारतांत दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. त्यांचें शिक्षण याच क्लबांत झालें होतें. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूपर्यंत टपाल आणलें, तें 'पुस मॉथ' जातीच्या विमानांतून. ज्या मनुष्यानें देशाच्या हवाई वाहतुकीचा पाया घातला, त्याचाहि आरंभ तासावर घेतलेल्या विमानांतच झाला.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यानें याच कामासाठीं 'पुष्पक' नांवाचें दोन आसनांचें विमान बांधलें. तें १९५८ सालीं प्रथम उडालें, व पुढें ठिकठिकाणच्या उड्डाणसंघांतून अनेक पिढ्यांचे हात त्यावर बसले. आज महाराष्ट्रांत बारामती, धुळें, गोंदिया, नागपूर अशा ठिकाणीं उड्डाणशिक्षणाचीं केंद्रें आहेत. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यास आपल्या देशांत निदान २०० तासांचें उड्डाण लागतें. आतां साधें गणित करा. वीस विद्यार्थी म्हणजे ४००० तास. हे सारे तास कोणत्या तरी विमानाच्या अंगावरून जावयाचे असतात. शिकणारे वाढले, पण विमानें त्या मानानें वाढलीं नाहींत, तर मुलें धांवपट्टीच्या कडेला बसून राहतात. जेथें असा खोळंबा होतो तेथेंच विमान भाड्यानें देणाऱ्याला वाव मिळतो.

आमच्या परभणी जिल्ह्यांत विमानतळ नाहीं. जवळचा म्हटला तर नांदेडचा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि मनमाडहून काचीगुड्याला जाणारी आगगाडी हेंच आमचें मोठें वाहन. उड्डाणाची परंपरा आमच्याकडे नाहीं. परंतु साधन दुसऱ्याला देण्याघेण्याची परंपरा मात्र फार जुनी. कोणी बैलजोडी भाड्यानें देतो, कोणी पेरणीचें औत देतो; कोठें सावड असते, कोठें इर्जिक असते. आमच्या घरीं पंधरा वर्षें मळणीयंत्र होतें. ज्वारी, तूर, सोयाबीन यांच्या सुगीला तें गांवोगांव फिरे आणि पोत्यामागें भाडें मिळे. यंत्राची व्यवस्था आमचे वडील बंधू पाहत, ज्यांना सारा गांव अण्णा म्हणतो; व हिशेबाची वही आमच्याकडे असे.

२०१७ सालीं आमच्या पुतण्यानें, म्हणजे अण्णांच्या मुलानें, पश्चिम महाराष्ट्रांतील एका उड्डाणशाळेंत आपले दोनशें तास पुरे करून परवाना मिळविला. नोकरीची वाट पाहत तो घरीं आला, आणि एके रात्रीं पंक्तीला बसला असतां म्हणाला, "बाबा, शाळेंत मुलें पुष्कळ आणि विमानें थोडीं. आपण एक जुनें पण धडधाकट विमान घेऊन शाळेला भाड्यानें दिलें तर?" अण्णा हातांतला घास तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिले. वहिनींनीं मात्र लगेच विचारलें, "आणि पैसा? दुधनेकांठची जमीन विकायची कीं काय?"

त्या जमिनीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आमच्या साऱ्या शेतींत पाण्याखालचें रान तेवढें तें एकच. मुलाच्या शिक्षणासाठीं आधींच कर्ज झालें होतें. ती पांच एकर गेली असती, तर उरलेल्या कोरडवाहूवर दोन कुटुंबांचें पोट भरलें नसतें. म्हणून हा प्रश्न हौसेचा नव्हता, चुलीचा होता.

अण्णा मुलावर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें: "वर्षाला किती तास चालेल? तासाला काय खाईल? किती तासांनीं मरेल? आणि तें बिघडलें असतां त्याला थांबवायचा अधिकार कोणाचा?" मळणीयंत्राच्या पंधरा वर्षांचें सारें ज्ञान या चार प्रश्नांत होतें. पुतण्याला पहिल्या दोहोंचीं उत्तरें येत होतीं. उरलेल्या दोहोंसाठीं आम्हां सर्वांनाच पुढें चार-पांच महिने खटपट करावी लागली.

जें विमान आम्हीं मनांत धरलें तें 'सेस्ना १७२' जातीचें. ही जात १९५५ सालीं प्रथम उडाली, आणि या जातीचीं ४४,००० हून अधिक विमानें आजवर बांधलीं गेलीं. दुसऱ्या कोणत्याहि जातीचीं इतकीं झालेलीं नाहींत. आसनें चार, पंख डोक्यावर, चाकें तीन. पंखांची लांबी टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें ३६ फूट, परंतु रिकामें असतां वजन पाऊण टनाच्या आसपास. शेतांतला ट्रॅक्टर त्याच्या दुपटीहून भारी असतो. इंजिन तासाला सुमारें ३५ लिटर इंधन खातें. हें इंधन मोटारीच्या पेट्रोलाहून वेगळें असतें. ओळखूं यावें म्हणून त्याला निळा रंग दिलेला असतो. तें पूर्वीं सारें परदेशांतून आणावें लागे. २०२२ पासून इंडियन ऑइल कंपनीनें वडोदऱ्यास तें तयार करण्यास आरंभ केला आहे.

आणि मरण? विमानाच्या इंजिनाचें आयुष्य त्याच्या कारखानदारानेंच तासांत सांगून ठेवलेलें असतें. या जातीच्या इंजिनाला साधारणपणें २००० तास झाले म्हणजे तें उतरवून, पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून नव्यासारखें करावें लागतें. तें त्या दिवशीं उत्तम चालत असलें तरीहि. मळणीयंत्र बंद पडेपर्यंत चालवितां येतें, कारण तें बंद पडलें तरी जमिनीवरच असतें.

बैल घेतांना दांत पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात. विमान घेतांना आधीं वह्या पाहतात. विमानाची एक वही, इंजिनाची दुसरी, पंख्याची तिसरी. कोणत्या दिवशीं किती तास उडालें, काय बिघडलें, कोणता भाग बदलला, कोणत्या परवानाधारक अभियंत्यानें सही केली, हें सारें त्यांत असतें. आम्ही पाहिलेलें पहिलें विमान रंगानें इतकें सुंदर होतें कीं पुतण्या त्याच्या पंखावरून हात फिरवीत राहिला. पण बरोबर नेलेल्या अभियंत्यानें वह्या चाळल्या आणि तो एका पानावर थांबला. मधल्या सात महिन्यांची इंजिनाची नोंदच नव्हती. विकणारा म्हणाला, "त्या काळांत विमान उभेंच होतें." अभियंता म्हणाला, "उभें असेल, तर उभें होतें असें लिहिलेलें हवें." अण्णांनीं तेथेंच हात जोडले आणि आम्ही परत फिरलों. परभणीपर्यंतच्या प्रवासांत पुतण्या एक शब्द बोलला नाहीं.

दुसरें विमान दिसावयास सामान्य होतें. रंग विटलेला, आसनांचें कापड फाटलेलें. पण वह्या सलग होत्या, आणि इंजिनाचे ९०० तास झाले होते. म्हणजे ११०० उरले होते. येथें हिशेबाची एक युक्ति आहे, ती मुलांनीं पाटीवर करून पाहावी. समजा, इंजिन नव्यासारखें करून घेण्यास ३० लक्ष रुपये लागतात. त्याला २००० नीं भागलें म्हणजे तासाला १५०० रुपये. हे दीड हजार दर तासाच्या भाड्यांतून बाजूला पडलेच पाहिजेत. पण आमच्या हातीं तर ११०० च तास येणार होते. ते १६ लक्ष ५० हजारच जमवितील. उरलेले १३ लक्ष ५० हजार कोणाचे? ज्यानें आधींचे ९०० तास वापरले त्याचे. म्हणून तेवढी रक्कम आम्हीं किंमतींतून कमी करून मागितली, व पुष्कळ घासाघीस होऊन ती कमी झाली. ती रक्कम वांचली असें न मानतां पहिल्याच दिवशीं बँकेंत निराळें खातें उघडून तींत ठेवली. अण्णांनीं त्या खात्याला नांव दिलें 'बियाणें'.

पैशाची तजवीज अशी झाली. जमीन विकावयाची नाहीं, हें वहिनींच्या एका वाक्यानें ठरलें: "विमान दर तासाला झिजतें, रान झिजत नाहीं. न झिजणारें देऊन झिजणारें घ्यायचें नाहीं." मग पुतण्याच्या तिघां सोबत्यांचीं कुटुंबें व आमचें कुटुंब, अशा चौघांनीं मिळून एक लहानशी कंपनी नोंदविली. आमचा वांटा मळणीयंत्र विकून आणि कांहीं शिल्लक घालून भरला. उरलेलें बँकेचें कर्ज. २०१८ च्या नोव्हेंबरांत विमान आमचें झालें.

विकत घेतलेलें विमान लगेच शाळेच्या उपयोगी पडतें असें नाहीं. त्याला शिकविण्यासाठीं सजवावें लागतें. पहिली गोष्ट, सुकाणू व पायपट्ट्या दोन्ही आसनांपुढें असाव्या लागतात, कारण शिष्य चुकला तर गुरूच्या हातापायांखालीं तेंच सारें असलें पाहिजे. दुसरी, समोरच्या फळीवरील सहा तबकड्या: वेग, उंची, चढउताराची गति, दिशा, वळण, आणि क्षितिजाशीं विमानाचा कल. ढगांत किंवा रात्रीं डोळे फसवितात. या तबकड्या एकमेकींची साक्ष देतात. तिसरी, रेडिओ, आणि जमिनीवरील रडारला आपली ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर. चौथी, विमान कोसळलें तर आपोआप साद घालणारें यंत्र. यांत जुनें यंत्र चालत नाहीं. २००९ पासून उपग्रह त्याची १२१.५ मेगाहर्ट्‌झची हांक ऐकत नाहींत, ४०६ मेगाहर्ट्‌झचीच ऐकतात. शिवाय अग्निशामक, औषधपेटी, खांद्यावरून येणारे पट्टे. आम्हीं रंगावर एक रुपयाहि घातला नाहीं. विटलेला रंग तसाच राहिला. आसनांचीं कापडें मात्र बदललीं, कारण फाटक्या आसनावर पट्टा नीट बसत नाहीं.

या इंजिनाची एक गोष्ट आम्हांला फार आवडली. त्याला चार सिलिंडर, पण ठिणगीचे प्लग आठ. आणि ठिणगी निर्माण करणारे मॅग्नेटो दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. उडण्यापूर्वीं शिष्य एक बंद करून दुसरा पाहतो, मग दुसरा बंद करून पहिला. दोन्ही चांगले असतील तरच धांवपट्टीवर जावयाचें. एक चालत आहे, मग काय हरकत, असें म्हणावयाचें नाहीं.

याखेरीज कागद. विमानाला नोंदणीचीं अक्षरें लागतात, आपल्या देशांत त्यांचा आरंभ 'व्हीटी' नें होतो. उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र लागतें, आणि त्याची दरवर्षीं फेरतपासणी व्हावी लागते. कागदाशिवाय विमान म्हणजे केवळ देखावा. मुंबईस कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं स्वतः विमान बांधलें. २०१६ सालीं तें 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत हजारों लोकांनीं पाहिलें. पण उड्डाणाची परवानगी मिळण्यास २०१९ उजाडलें. पाहणाऱ्याला हा विलंब जाचक वाटतो. ज्याचें मूल त्यांत बसणार आहे, त्याला तो वाटत नाहीं.

शाळेशीं करार करतांना दोन गोष्टींवर अधिक वेळ गेला. पहिली घड्याळाची. विमानांत तास मोजणारीं दोन यंत्रें असूं शकतात. एक, इंजिन सुरू झालें कीं भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणें चालणारें. दुसरें, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारें, म्हणजे इंजिन हळू फिरत असतां तेंहि हळू जातें. एकच उड्डाण पहिल्यावर मोठें दिसतें, दुसऱ्यावर लहान. भाडें कोणत्यावर, हें करारांत लिहिलें नाहीं तर वर्षाअखेर दोघेहि खरें बोलत असून भांडतात. आम्हीं तें लिहून घेतलें. दुसरी गोष्ट अण्णांच्या चौथ्या प्रश्नाची. करारांत आम्हीं असें कलम घातलें कीं, विमान थांबविण्याचा अधिकार मालक, शाळा, अभियंता, गुरु व शिष्य यांपैकीं प्रत्येकाला आहे. पुन्हां सोडण्याचा अधिकार मात्र एकट्या अभियंत्याला. हें कलम वाचून शाळेच्या व्यवस्थापकांनीं चष्मा काढून विचारलें, "शिष्यालाहि?" अण्णा म्हणाले, "बसतो तोच ना?"

आतां खर्चाचें दुसरें अंग. उडाल्यावर होणारा खर्च तासाबरोबर वाढतो. पण विमा, जागेचें भाडें, वार्षिक तपासणी, कर्जाचा हप्ता, हे न उडतांहि द्यावे लागतात. समजा, हा स्थिर खर्च वर्षाला १२ लक्ष. विमान ६०० तास उडालें तर तासावर २००० पडतात; ३०० च तास उडालें तर ४०००. पावसाळ्यांत ढग खालीं येतात आणि तास घटतात. उन्हाळ्यांत भर दुपारीं हवा तापून विरळ होते, विमान चढावयास जड जातें, म्हणून उड्डाणें सकाळींच उरकावीं लागतात. दर पन्नास तासांनीं तेल बदलावयाचें, दर शंभर तासांनीं मोठी तपासणी. ते दिवसहि गेले. आमच्या कोरडवाहू शेतीप्रमाणेंच, वर्ष बारा महिन्यांचें असलें तरी पीक कांहीं महिन्यांचेंच.

२०१९ च्या डिसेंबरांत, म्हणजे ऐन सुगींत, शाळेंतून निरोप आला कीं विमान थांबविलें आहे. आम्ही आणि अण्णा रात्रीच्या गाडीनें निघालों. झालें होतें असें: एक विद्यार्थी सकाळीं एकटाच उडाला होता. उतरतांना विमान उसळलें आणि पुढचें चाक जोरानें आपटलें. नंतर तें नीट थांबलें. बाहेरून कांहीं दिसत नव्हतें. धुक्यामुळें कोणी नीट पाहिलेंहि नव्हतें. मुलानें उतरून दोषांच्या वहींत स्वतःच्या हातानें लिहिलें, "उतरतांना पुढचें चाक जोरानें आपटलें," आणि सही केली. तपासणींत इंजिन व बैठक यांच्यामधील जी अग्निरोधक पत्र्याची भिंत असते, तिला सुरकुती पडलेली आढळली. इंजिन आणि पुढचें चाक यांचा भार त्याच भिंतीवर असतो. एकोणीस दिवस विमान उभें राहिलें.

अण्णांनीं त्या मुलाला बोलावणें पाठविलें. तो खालीं मान घालून आला; त्याला वाटलें, मालक नुकसान मागणार. अण्णांनीं विचारलें, "कोणी पाहिलें नव्हतें म्हणतात. मग कां लिहिलंस?" तो म्हणाला, "माझ्यानंतर नऊ वाजतां दुसरा मुलगा जाणार होता." अण्णांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला वर्गावर जाऊं दिलें. परत येतांना गाडींत ते बराच वेळ गप्प होते, मग एवढेंच म्हणाले, "आपलं विमान चांगल्या हातीं आहे." भाडें बुडाल्याचा उल्लेख त्यांनीं त्या दिवशीं केला नाहीं, आणि पुढेंहि केला नाहीं.

खरी परीक्षा पुढेंच होती. २०२० च्या मार्चांत करोनामुळें देशभर टाळेबंदी झाली आणि उड्डाणशाळा बंद पडल्या. तास शून्य; स्थिर खर्च मात्र स्थिर. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढें ढकलण्याची सवलत दिली, पण व्याज चालूच राहिलें. त्यांतच आणखी एक गोष्ट समजली: इंजिन चालून झिजतें, तसें न चालतां गंजतें. आंतील ओलीनें पोलाद खाल्लें जाऊं नये म्हणून त्यांत निराळें तेल भरावें लागतें आणि प्लगांच्या जागीं ओल शोषणाऱ्या कुप्या बसवाव्या लागतात. तोहि खर्च झाला.

त्या वेळीं 'बियाणें' खात्यांत २१ लक्ष रुपये होते. आरंभींचे साडेतेरा आणि ५०० तासांचे साडेसात. भागीदारांची बैठक दूरध्वनीवर झाली. दोघांचें म्हणणें पडलें कीं, संकटांतच उपयोगी पडावा म्हणून पैसा असतो. त्यांतून व्याज भरावें, पुढें पाहूं. त्यांच्या घरींहि अडचण होती. त्यांचें म्हणणें अगदींच अविचाराचें नव्हतें. खरें सांगावयाचें तर आमचेंहि मन तिकडेच झुकलें होतें. तेव्हां अण्णांनीं १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट काढली. त्या वर्षीं सारा मराठवाडा खडी फोडावयास गेला होता. लोक मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन राहिले. आमच्या आजोबांनीं बियाण्याची ज्वारी मडक्यांत भरून, शेणमातीनें तोंड लिंपून माळवदाखालीं ठेवली होती. घरांत लहान मुलें रडत असतां तें मडकें सर्वांच्या डोळ्यांपुढें होतें. आजीनें एकदांच विचारलें. आजोबांनीं 'नाहीं' म्हटलें. आणि ते स्वतः दिवसभराच्या खडीच्या कामावर निघून गेले. पुढच्या मृगांत आमच्या रानांत पेरा झाला.

भागीदार गप्प झाले. खातें फुटलें नाहीं. आमच्या वांट्याचें व्याज वहिनींनीं त्या वर्षींच्या सोयाबीनच्या पैशांतून दिलें. दोघां सोबत्यांनीं आपापल्या परीनें भरलें. पुतण्यानें परभणींत मुलांना गणित शिकविलें. वर्षाअखेरीस शाळा पुन्हां सुरू झाली. २०२२ च्या उन्हाळ्यांत इंजिनाचे २००० तास भरले. तें उतरवून मान्यताप्राप्त कार्यशाळेंत गेलें. लागणारा खर्च अंदाजापेक्षां थोडा वाढला, पण खात्यांत बहुतेक सारा होता. कोणापुढें हात पसरावा लागला नाहीं. नव्यासारखें झालेलें इंजिन बसविल्यावर वहीवर पुन्हां शून्य तास लिहिले गेले, आणि 'बियाणें' खात्यांतहि जवळजवळ शून्यच उरलें. अण्णा म्हणाले, "असंच असायला हवं."

या धंद्यांत आम्ही श्रीमंत झालों काय, असें पालक विचारतील. नाहीं. कर्ज फिटत आलें आहे, दुधनेकांठचें रान जागेवर आहे, आणि वर्षाअखेर मळणीयंत्रापेक्षां थोडें अधिक उरतें. पुतण्याला नोकरी लागली. तो आतां मोठीं विमानें चालवितो. आमचें विटक्या रंगाचें विमान आजहि सकाळीं सहाला छपरांतून बाहेर ओढलें जातें, व कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी त्याच्या पंखाखालीं वांकून इंधनाचा निळा रंग कांचेच्या नळींत पाहते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी वैमानिक होईल, कोणी अभियंता, आणि पुष्कळजण आमच्यासारखे जमिनीवर राहून हिशेब ठेवतील. हिशेबाचें काम हलकें मानूं नका. ज्या विमानांत आपण कधींच बसणार नाहीं, त्याच्या इंजिनासाठीं दर तासाला दीड हजार बाजूला ठेवणें, आणि जेथें कोणीं पाहिलेलें नाहीं तेथें घडलें तें लिहून ठेवणें, हीं दोन्ही कामें एकाच जातीचीं आहेत. दोहोंचा लाभ आपल्यानंतर नऊ वाजतां जाणाऱ्या मुलाला मिळतो. आणि बहुधा त्याला आपलें नांवहि ठाऊक नसतें.